लहान वासरांच्या कुंपणाला काटेरी तार चालेल का, आणि निवारा कसा करू?
काटेरी तार नकोच, जाळी लावा, साधारण 4 फूट उंच आणि खालची फट वीतभरापेक्षा कमी, कारण वासरू उडी मारून कमी आणि खालून मुंडी घालून जास्त निसटतं, आणि काट्यात कातडी फाटते ते वेगळंच (वासरं सांभाळताना हे बघितलंय). निवारा तीन बाजूंनी बंद, उघडी बाजू वाऱ्याकडे नको. पेंढा कोरडा आणि एवढा जाड की बसल्यावर पाय दिसले नाही पाहिजेत, पहिल्या तीनेक आठवड्यात 15 अंशाखालीच त्याला थंडी बाधायला लागते. वासराच्या नाकाच्या उंचीवर बसून वास घ्या, डोळे चुरचुरले तर हवा खेळत नाहीये. फक्त कडक उन्हाळ्यात पेंढा पातळ करा आणि मागची भिंत वरून मोकळी ठेवा.