ॲड्रिनलवरची गाठ: घाबरायचं किती, तपासायचं किती?

प्रश्न (राजारामपुरी): सासऱ्यांचा, वय 68, मूतखड्यासाठी सीटी स्कॅन केला. रिपोर्टात ‘डाव्या ॲड्रिनलवर 2.1 सेंमीची गाठ, एचयू 4’ असं आलंय. घरात कुणाला घास जात नाही. कॅन्सर असेल का?

ताई, आधी जेवून घ्या. मूत्रपिंडाच्या डोक्यावर बसलेल्या या ग्रंथीत अशी गाठ उतारवयात शंभरात पाच-सात जणांना सहज सापडते. तुमच्या रिपोर्टातलं मोलाचं अक्षर ‘एचयू’, म्हणजे सीटीत गाठ किती घट्ट दिसते त्याचं माप. पाण्याचं एचयू 0, चरबीचं उणे. कॉन्ट्रास्टशिवाय (शिरेतून औषध न देता) काढलेल्या सीटीत गाठ सगळीकडे एकसारखी दिसत असेल आणि आकडा 10 किंवा त्याखाली असेल, तर ती चरबीयुक्त साधी गाठ. कॅन्सर नव्हे. 2023 च्या युरोपीय मार्गदर्शक सूचनांनुसार अशा गाठीला पुन्हा स्कॅन लागत नाही. ‘दर सहा महिन्यांनी बघत राहू’ म्हणणाऱ्याला कारण जरूर विचारा. हार्मोनची तपासणी मात्र एकदा करायचीच.

प्रश्न (शिरोली एमआयडीसी): त्याच तपासणीसाठी रात्री 11 ला गोळी घेऊन सकाळी 8 ला रक्त द्यायला सांगितलंय. मी फाउंड्रीत रात्रपाळीला असतो. चालेल?

नको. ही 1 मिलिग्रॅम डेक्सामेथासोनची गोळी. तिच्यामुळे सकाळचं कॉर्टिसॉल (ॲड्रिनलचं स्टिरॉइड हार्मोन) रक्ताच्या डेसिलिटरमागे 1.8 मायक्रोग्रॅमपर्यंत किंवा त्याखाली उतरलं, तर गाठ आपल्या मनाने कॉर्टिसॉल बनवत नाही. पण रात्रपाळीने शरीराचं घड्याळच उलटं होतं, मग आकडा फसवतो. दिवसपाळी लागून झोप बसू द्या, मग करा. गुडघ्यात घेतलेलं स्टिरॉइडचं इंजेक्शन, दम्याचा पंप, बायकांच्या बाबतीत गर्भनिरोधक गोळ्या, हे सगळं डॉक्टरांच्या कानावर घाला. बीपी असेल तर अल्डोस्टेरॉन-रेनिन (मीठ-बीपी सांभाळणारी रसायनं), आणि एचयू 10 च्या वर असेल तर मेटानेफ्रिन (ॲड्रिनलिन जातीच्या हार्मोन्सचे अंश) याही तपासण्या लागतात.

प्रश्न (गडहिंग्लज): गाठ हार्मोन बनवत नाही म्हणाले. मग थकवा कशाचा? तांबडा रस्सा बंद करू का?

थकवा या गाठीचा नाही. हिमोग्लोबिन, थायरॉइड, साखर बघा. रस्सा सोडून गाठ विरघळत नाही. बीपी असेल तर मीठ तेवढं आवरा.

प्रश्न (कागल): आईची गाठ 5 सेंमीची आहे. एक डॉक्टर ऑपरेशन म्हणतात, दुसरे सुई घालून तुकडा काढू म्हणतात.

सुईची घाई करू देऊ नका. गाठ ॲड्रिनलिन जातीची हार्मोन्स बनवत असेल तर टोचल्यावर बीपी जिवावर बेतेल इतकं भडकू शकतं. म्हणून मेटानेफ्रिनचा रिपोर्ट आधी. शिवाय साधी गाठ की कॅन्सर, हे तुकड्यावरून नीट ओळखूही येत नाही. 4 सेंमीच्या वर, आणि आत ओबडधोबड किंवा एचयू 20 हून जास्त असेल तर ऑपरेशनचाच सल्ला योग्य. मात्र आत उघड चरबी दिसत असेल तर ती मायलोलिपोमा, म्हणजे चरबीची निरुपद्रवी गाठ. एवढी असूनही त्रास नसेल तर सहसा तशीच ठेवतात.

प्रश्न (जयसिंगपूर): भावाच्या दोन्ही ॲड्रिनल सुजल्यात. वजन घटतंय, उठलं की चक्कर येते, तळहाताच्या रेषा काळ्या पडल्यात.

ही वर सांगितलेली निरुपद्रवी गोष्ट नव्हे. आपल्याकडे दोन्ही बाजू सुजल्या की टीबीचा विचार आधी होतो, आणि ग्रंथी निकामी झाल्याचीच ही लक्षणं आहेत. सकाळचं कॉर्टिसॉल, सोडियम, पोटॅशियम उद्याच करून घ्या. उलट्या सुरू झाल्या किंवा भोवळ येऊन पडले, तर रिपोर्टची वाट न बघता थेट कॅज्युअल्टीत न्या.