शाळेत खगोल मंडळ सुरू करायचंय, पण दुर्बीण नाही. सुरुवात कशी करावी?

दुर्बिणीसाठी अडून बसू नका. १०×५० चा (दहापट मोठं दाखवणारा, ५० मिमी भिंगांचा) बायनॉक्युलर पुरतो. तो ट्रायपॉडवर घट्ट बसवून गुरू ग्रहाकडे रोखला की शेजारी एका रेषेत बारीक ठिपके दिसतात. गॅलिलिओने १६१० साली पाहिलेले गुरूचे चार चंद्र ते हेच. चारही एकदम दिसतीलच असं नाही. मुलांना त्यांच्या जागा वहीत काढायला लावा. त्यांतला आयो हा चंद्र पावणेदोन दिवसांत गुरूभोवती फेरी मारतो, त्यामुळे दुसऱ्या रात्रीचं चित्र वेगळंच येतं आणि ‘असं कसं?’ हे मुलंच विचारतात. तिथे लगेच उत्तर देऊन टाकू नका (शिक्षकांना हे फार जड जातं!). रात्री जमणं अवघड असेल तर दिवसा मैदानात काठी रोवून तिची सावली मोजा. सूर्याकडे मात्र बायनॉक्युलरमधून कुणालाही बघू देऊ नका, डोळा कायमचा जाऊ शकतो.