आधी बंद गाळ्यांच्या चाव्या मागा

प्रश्न : आमच्या लहान शहराचा जुना मुख्य रस्ता ओस पडला आहे. एकाआड एक गाळा बंद. तिथे मोठं कलादालन बांधलं की वर्दळ परत येईल, असा प्रस्ताव आहे आणि मी त्या समितीत आहे. एका संग्रहालयाने शहर पालटलं म्हणून दर बैठकीत स्पेनमधल्या बिल्बाओचा दाखला दिला जातो. तुमचं मत काय?

उत्तर : बिल्बाओचं नाव निघालं की माझ्या कपाळाला आठ्या पडतात. वास्तुविशारद फ्रँक गेरी यांनी उभारलेलं गुगेनहाइम हे कलासंग्रहालय १९९७ साली उघडलं, हे खरंच. पण त्याच्या दोनच वर्षं आधी शहरात मेट्रो धावू लागली होती आणि घाण झालेली नदी साफ करण्याचं काम कितीतरी आधीपासून चालू होतं. फोटोत एवढं सगळं मावत नाही, चकचकीत इमारत तेवढी मावते. शिवाय बिल्बाओ काही लहान शहर नव्हे.

तुमच्या मापाचं गाव हवं असेल तर अमेरिकेतलं नॉर्थ अ‍ॅडम्स बघा. स्प्रेग इलेक्ट्रिकचा कारखाना १९८५ साली बंद पडला आणि त्याच आवारात १९९९ साली 'मास मोका' हे समकालीन कलेचं संग्रहालय सुरू झालं. संग्रहालय उत्तम आहे, लांबून लोक येतात. मुख्य रस्ता तिथून पायी काही मिनिटांवर, तरी पाहुणे तिकडे न फिरकताच परत जातात, ही तिथली जुनी खंत. मी बरीच वर्षं नेपथ्य केलं आहे, त्यामुळे कुठलाही आराखडा बघताना आधी दारं शोधतो. वाहनतळ, खाणंपिणं, विक्रीचं दुकान सगळं आवारातच दिलंत, तर माणूस रस्त्यावर पाऊल कशाला ठेवेल? तुमच्या प्रस्तावातही हे एकदा तपासा.

पण मला विचाराल तर दालन जरा बाजूला ठेवा आणि गाळे बंद का आहेत ते विचारायला मालकांच्या घरी जा.

ऑस्ट्रेलियातल्या न्यूकॅसलची गोष्ट मला म्हणूनच आवडते. तिथे १९८९ साली भूकंप झाला, १९९९ साली बीएचपीचा पोलाद कारखाना बंद झाला आणि हंटर स्ट्रीट हा मुख्य रस्ता रिकामा होत गेला. मार्कस वेस्टबरी यांनी २००८ साली 'रिन्यू न्यूकॅसल' ही संस्था काढली. इमारती विकत घ्यायला पैसे नव्हतेच. मालकांची अडचण मात्र त्यांनी बरोबर ओळखली. कमी भाड्याने करार केला तर मालमत्तेची किंमत कागदावर खाली येते, आणि भाडेकरू एकदा आत शिरला की निघेलच याची खात्री नाही. त्यापेक्षा कुलूप बरं! म्हणून संस्थेने भाडेकराराऐवजी तीस-तीस दिवसांनी पुढे चालू राहणारा वापर-परवाना आणला. पुरेसं भाडं देणारा कोणी मिळाला की तीस दिवसांच्या सूचनेवर जागा मालकाला परत. कलाकार, कारागीर, छोटे प्रकाशक आत आले, दिवे लागले. 'लोनली प्लॅनेट'ने २०११ साठी सुचवलेल्या जगातल्या दहा शहरांत न्यूकॅसलचं नाव होतं.

या सगळ्यात वास्तुविशारद कुठेच नाही, याची समितीत आठवण करून द्या. थोडं ऐकून घ्यावं लागेल.

प्रश्न : मी शिल्पकार आहे. अशाच योजनेत मला जवळपास फुकट गाळा मिळतोय. पण महिनाभरात उठवणार असतील तर आम्ही तिथे जीव का ओतायचा? रस्ता आम्ही सजवायचा आणि भाडं वाढलं की आम्हीच बाहेर?

उत्तर : शंका रास्त आहे. तिला सर्वांत सरळ उत्तर दिलं अमेरिकेच्या केंटकी राज्यातल्या पडुका शहराने. मध्यवस्तीला लागून असलेल्या लोअर टाउनमध्ये २००० सालापासून त्यांनी बाहेरगावच्या कलाकारांना पडकी जुनी घरं विकायला काढली. एका स्थानिक बँकेने घराच्या तेव्हाच्या किमतीपेक्षा जास्त कर्ज दिलं, कारण दुरुस्तीचा खर्च त्या किमतीत कसा बसणार? एकाच घरात राहणं, काम करणं आणि विकणं चालेल, अशी नियमांतही सोय केली. घर स्वतःचं असल्यावर परिसर महागला तरी कलाकाराला कोण हलवणार? पुढे २०१३ साली युनेस्कोच्या सर्जनशील शहरांच्या जाळ्यात हस्तकलेसाठी पडुकाचा समावेश झाला.

तुमच्यासमोर मात्र आज तीस दिवसांचाच कागद असणार. सही जरूर करा, पण गिलावा, वायरिंग, फरशी यांत स्वतःचा एक पैसाही घालू नका. जे खांद्यावर टाकून नेता येईल तेवढंच आत न्या. वीजबिल कोणाचं, विमा कोणाचा, एखाद्या अभ्यागताला तुमच्या शिल्पाची ठेच लागून इजा झाली तर जबाबदार कोण, हे सहीआधी लेखी घ्या. आणि दगड फोडणार असाल तर धुळीबद्दल शेजारच्या दुकानदाराशी आधीच बोलून ठेवा.