विषाणूतलं पाणी

सुदामानगरहून एका ताईंनी विचारलंय: ‘भूजलात विषाणू असतात म्हणे. म्हणजे आमच्या बोरिंगचं पाणी विषारी का? आणि लिहायचं विषाणु की विषाणू?’

विषारी कशाला होईल! ‘विष’ दिसलं की पाणी विषारी, हे इंदुरात ऐकून ऐकून कान किटले. सांडपाणी झिरपून कावीळ-जुलाबाचे विषाणू येतात, ते वेगळे. त्यासाठी पाणी उकळा. माळव्याच्या काळ्या खडकाच्या भेगांत मुळातच नांदणारे बहुतेक विषाणू माणसाच्या वाटेला जात नाहीत. त्यांचं गिऱ्हाईक जिवाणू.

आता खरी गंमत. लॅटिन ‘व्हायरस’ आणि आपलं ‘विष’ एकाच आजीची नातवंडं, हे कोणीही सांगेल. पण संस्कृतात ‘विष’ म्हणजे पाणीसुद्धा! जुना श्लेष आहे: विष प्यायले मेघांनी, मूर्च्छा आली प्रवाशांच्या बायकांना. (मेघांत पाणी भरलं, पावसाळा आला आणि नवरा अजून परगावीच.) पाण्याला ‘अमृत’ही म्हणत, ‘जीवन’ही आणि ‘विष’ही. तेव्हा भूजलातला विषाणू म्हणजे, माझ्यापुरता तरी, पाण्याचाच अणू. शब्द घडवणाऱ्याच्या मनात हे नसेल, नसू दे.

कोशवाले मात्र जिवाणूंवर जगणाऱ्या या विषाणूला ‘जिवाणुभक्षी’ म्हणतात, तिथे माझं डोकं फिरतं. १९१७ मध्ये सूक्ष्मजीवशास्त्रज्ञ देरेल यांनी ग्रीक ‘खाणे’वरून ‘बॅक्टेरिओफेज’ केला, आपण मान खाली घालून उतरवून घेतला. भक्षण कसलं? हा जिवाणूत आपली जनुकं सोडतो, त्याच्याच सामानातून आपल्या प्रती करवून घेतो आणि भिंत फोडून बाहेर पडतो. खातात ते शेजारी! फुटलेल्या पेशीतला कार्बन, नायट्रोजन, फॉस्फरस पाण्यात सांडतो आणि उरलेल्यांची पंगत बसते. ऊन नाही, वरून अन्न जेमतेम झिरपतं, अशा अंधारात ही सांडलवंड मोलाची. शिवाय एखादी जात फार माजली की घाला तिच्यावरच जास्त, म्हणून दुबळ्यांनाही जागा मिळते. माझा शब्द ‘घरफोड्या’. कोशमंडळींना रांगडा वाटतो, पण त्यात खोटं काही नाही. काही विषाणू न फोडता जिवाणूच्या जनुकांत पिढ्यान्‌पिढ्या भाडेकरू होऊन राहतात. त्यांना हा शब्द लागत नाही, कबूल.

हां, शुद्धलेखन. मराठीत ‘विषाणू’, शेवटचा णू दीर्घच. ‘विषाणु’ ही इथल्या हिंदी पाट्यांची सवय. समासात मात्र ऱ्हस्व: विषाणुशास्त्र.