चढणीचा मासा: येरळाकाठच्या तीन प्रश्नांना उत्तरे

प्रश्न (पलूस तालुका): पहिल्या पुरात येरळेच्या बंधाऱ्याखाली पोती भरभरून अंडील (अंड्यांनी भरलेले) मासे धरतात. आता नदीत चिलापीशिवाय (तिलापिया) फारसं काही लागत नाही. ग्रामपंचायत आणि मच्छीमार सोसायटीला तातडीची बंदी घालता येईल का?

उत्तर: घालता येईल, पण कधी आणि कुठे हे आधी पक्कं करा. ‘पावसाळाभर मासेमारी बंद’ असा फलक लागतो आणि पुराच्या पहिल्या रात्री बंधाऱ्यावर राखणीला कोणी नसतं. खरी लूट त्याच एक-दोन रात्रींत होते.

रोहू, मृगळ, कटला साचल्या पाण्यात वीण घालत नाहीत. मृग-आर्द्राच्या पावसानं गढूळ पाणी वाहू लागलं की ब्रह्मनाळच्या संगमावरून कृष्णेतला मासा येरळेत चढतो आणि काठाच्या नुकत्या बुडालेल्या गवतात अंडी सोडतो. किलोभर रोहूच्या गाभोळीत दोन लाखांच्या आसपास अंडी असतात. पाणी २७-२८ अंश असेल तर ती १६ ते २० तासांत फुटतात. पुढचे तीन दिवस पिल्लू पोटाखालच्या पिवळ्या पिशवीवरच जगतं, त्याला धड पोहताही येत नाही. म्हणजे चढण, वीण आणि पिल्लू सावरणं धरून प्रत्येक पुरामागे आठवडाभर तरी जाळं पाण्याबाहेर हवं. आर्द्रात दुसरा लोंढा आला तर आठवडा नव्यानं मोजायचा.

त्यासाठी तारीख धरून बसू नका, पाणी धरा. बंधाऱ्याच्या खांबावर ऑइलपेंटनं एक पट्टा मारा. पाणी पट्ट्याला लागलं की त्याच संध्याकाळी दवंडी आणि गावाच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर निरोप. बंधाऱ्याच्या खाली-वर दोनशे मीटर, ओढ्यांची तोंडं आणि बुडालेला गवताळ काठ, एवढी जागा पूर्ण बंद ठेवा. राखण रात्री आठ ते पहाटे पाचची, दोघादोघांची पाळी. एकट्या माणसाला तिथं उभं करू नका. पुराचं पाणी आहे आणि भांडणंही होतात.

बरग्यांकडे, म्हणजे बंधाऱ्यात पाणी अडवायला बसवलेल्या फळ्यांकडे, कोणाचं लक्ष नसतं. कोल्हापूर पद्धतीच्या बंधाऱ्याचे बरगे पावसाळ्याआधी काढतात, पण तळातले दोन-तीन गाळात रुतले म्हणून तसेच सोडले जातात. मग पाणी त्यांच्यावरून धबधब्यासारखं पडतं, माशाला वर जाता येत नाही, तो खालच्या डोहात धडका मारत राहतो आणि फेकजाळ्याला आयता सापडतो. मे महिन्यातच गाळ उकरून ते बरगे काढून घ्या. माझ्या मते निम्मी बंदी इथेच झाली.

कागदाचं काम: सोसायटीकडे ठेका असेल तर सभासदांना आवरणं तिच्याच हातात आहे. बाहेरच्यांना थांबवायला मत्स्यव्यवसाय विभागाचा आदेश लागेल. ग्रामसभेचा ठराव, सोसायटीचा ठराव आणि बंद जागेचा हातनकाशा जोडून जिल्ह्याच्या सहायक आयुक्त, मत्स्यव्यवसाय यांच्याकडे मेमध्येच अर्ज द्या. जूनमध्ये दिलेला अर्ज पूर ओसरल्यावरच हलतो. सुतळी बॉम्ब, जिलेटिन आणि विष यांना मात्र कोणत्याही ठरावाची वाट पाहायची नाही; कायद्यानं ते बाराही महिने गुन्हा आहे.

सभासदांच्या चुलीचं काय, हा प्रश्न रास्त आहे. विभागाच्या आदेशाआड येत नसेल तर बंद जागेपासून लांब, गळानं चिलापी धरायला मोकळीक ठेवा. चिलापीची मादी अंडी तोंडात सांभाळते आणि वर्षात अनेकदा वीण घालते; तिच्यासाठी कोणी काळजी करू नये. चुकून अंडील मासा लागलाच (पोट मऊ फुगलेलं, गुदद्वार लालसर) तर ओल्या हातानं धरून लगेच सोडा. नराच्या पोटावर हलका दाब दिला की दुधासारखा थेंब येतो, तोही सोडायचाच.

प्रश्न (खटाव तालुका): येरळवाडी तलावाच्या काठाला लालसर पिल्लांचा पुंजका दिसतो, त्याखाली मोठी मरळ असते. ती धरली तर काय बिघडतं?

उत्तर: पुंजकाच जातो. मरळीची जोडी पिल्लं राखते. राखणारी गेली की शिंगाळा आणि बगळे दोन-तीन दिवसांत पुंजका संपवतात. अशी मरळ जागची हलत नाही, गळावरही धावून येते, म्हणूनच ती सोपी शिकार वाटते. पिल्लांचा लाल रंग जाऊन ती पांगेपर्यंत तिकडे गळ टाकू नका.

प्रश्न (तासगाव तालुका): ओढ्यातली चढणीची पिल्लं मच्छरदाणीनं धरून शेततळ्यात सोडली तर बीज फुकट पडेल ना?

उत्तर: फुकट पडणार नाही. त्या घोळक्यात मरळ, शिंगाळा आणि चिलापीची पिल्लं मिसळलेली असतात. पहिल्या दोन बाकीच्यांना खातात आणि चिलापी तळं भरून टाकते. वर्षअखेर हाताला बोटाएवढे मासे. शिवाय मच्छरदाणीत अडकलेलं इवलं पिल्लू तळ्यापर्यंत पोचायच्या आतच मरतं. खात्रीच्या मत्स्यबीज केंद्रातून बोटुकली (बोटाएवढी पिल्लं) घ्या: दहा नगांत कटला चार, रोहू तीन, मृगळ तीन. पिशवी सोडण्याआधी पंधरा-वीस मिनिटं तळ्याच्या पाण्यावर तरंगत ठेवा, म्हणजे आतलं-बाहेरचं तापमान जुळतं.