सुईच्या बायोप्सीवरच ईआर, पीआर, हर-टू केलं तर चालतं का, की ऑपरेशनपर्यंत थांबायचं?

ईआर आणि पीआर म्हणजे स्तनाच्या कॅन्सरच्या पेशींतले हार्मोन पकडणारे रिसेप्टर, हर-टू म्हणजे त्या पेशी वाढवणारं एक प्रथिन, यांच्यावरून औषध ठरतं. तुम्ही विचारलंय की आईच्या स्तनातल्या गाठीतून सुईने काढलेल्या एवढ्याशा तुकड्यांवर भरवसा ठेवायचा का. ठेवा. मी चिपळूणला लॅबमध्ये टेक्निशियन आहे, हे तुकडे रोज हातात येतात, दिसायला अगदी शेवईचे तुकडे, फॉर्मलिनच्या (तुकडा टिकवणारं रसायन) बाटलीत पांढरट असलेले बहुतेक तळाला बसतात आणि नुसती चरबी आली असेल तर वर तरंगते. फक्त ती कोर बायोप्सी, म्हणजे जाड सुईने तुकडा काढलेली, आहे ना ते बघा. बारीक सुईने नुसतं ओढून घेतात ती एफएनएसी, त्यात सुट्या पेशीच येतात, या टेस्टना तुकडा बरा.

उलट तुकडा बारीक असल्याचा फायदाच होतो, फॉर्मलिन आतपर्यंत पटकन मुरतं. ऑपरेशनमधली अख्खी गाठ वेळेवर कापली नाही तर मधोमध कच्ची राहते. आणि आईला आधी केमो द्यायचं ठरलं तर कधीकधी गाठ पूर्ण विरघळते, मग टेस्ट कशावर करणार? म्हणून थांबू नका.

घोळ होतो तो बाटलीत. माझ्या मावशीचा झाला, तेव्हा मी या लायनीत नव्हते. गणपतीचे दिवस, एसटी तुडुंब, गुहागरहून मुंबईपर्यंत बाटली मी मांडीवर घेऊन गेले आणि तिथे कळलं की आत फॉर्मलिन नाहीच, सलाईन आहे! ईआर निगेटिव्ह आला. सर्जनना पटेना, त्यांनी ऑपरेशनच्या गाठीवर परत करायला लावलं तर चांगला पॉझिटिव्ह, म्हणजे हार्मोनच्या गोळ्या लागू. पहिल्या कागदावर थांबलो असतो तर त्या गोळ्या मिळाल्याच नसत्या, अजून आठवलं की चिडायला होतं.

तर तुकडा काढल्यापासून तासाभरात फॉर्मलिनमध्ये गेला पाहिजे आणि त्यात कमीत कमी 6 तास, जास्तीत जास्त 72 तास. बाटलीवर तारीख आणि वेळ लिहून घ्या, लाजू नका. शनिवारी काढलेला तुकडा मंगळवारी पोचतो आपल्याकडे.

रिपोर्टमध्ये ईआर 1 टक्का पेशींत जरी असला तरी पॉझिटिव्ह धरतात, पण 1 ते 10 मध्ये असेल तर डॉक्टरांशी नीट बोला. हर-टू 0 किंवा 1+ म्हणजे निगेटिव्ह, 3+ म्हणजे पॉझिटिव्ह, आणि 2+ आला तर घाबरू नका, ते अधांतरी असतं, त्याच ब्लॉकवर (तुकडा बसवलेला मेणाचा ठोकळा) फिश नावाची टेस्ट करून ठरवतात (नावावर जाऊ नका, आमच्याकडे सगळे हसतात). पीआर आणि केआय-67 (पेशी किती वेगाने वाढतायत ते सांगणारा आकडा) गाठीत सगळीकडे सारखे नसतात त्यामुळे ऑपरेशननंतर आकडा थोडा इकडेतिकडे होऊ शकतो. सुईवर सगळंच निगेटिव्ह आलं तर मात्र ऑपरेशनच्या गाठीवर परत करायचं का ते नक्की विचारा.

आणि सेकंड ओपिनियनला परळला टाटाला गेलात तर नुसती रिपोर्टची झेरॉक्स नेऊ नका, स्लाइड आणि ब्लॉक मागून घ्या, पण गाडीत उन्हात ठेवू नका हां, मेणच आहे ते.