पद्मिनीचा कार्बोरेटर: नवा घ्यायचा की जुन्यालाच बुश मारायचे?

तुमचा प्रश्न मला समजला तो असा. वडिलांची १९८४ची प्रीमियर पद्मिनी दोन वर्षं पार्किंगमध्ये उभी होती, ती आता रस्त्यावर आणलीत. सिग्नलला आयडलिंग धरत नाही, मुंबईहून येताना कसारा घाटात तिसऱ्या गिअरवर गुदमरते, आणि ॲव्हरेज नऊवर आलंय. नाशिकच्या द्वारका चौकाजवळचे मिस्त्री म्हणतात मारुती ८००चा कार्बोरेटर (हवा आणि पेट्रोल मिसळून इंजिनाला देणारा भाग) बसवून टाकू. ऑनलाइन एक नवा सोलेक्स, म्हणजे पद्मिनीला मुळात असतो त्या मेकचा कार्बोरेटर, दिसतोय. शिवाय ओळखीच्या एकांकडे जीपचा सोलेक्स पडून आहे. या तिघांतला कुठला घेऊ, असं तुम्ही विचारताय.

माझं मत आधीच सांगतो. तिघांच्याही आधी चौथ्याकडे बघा, म्हणजे तुमच्या गाडीवर आज जो बसलाय त्याच्याकडे. माझी पद्मिनी १९७९ची, माझ्याकडे १९९६पासून आहे. एवढ्या वर्षांत ‘कार्बोरेटर गेला’ म्हणून माझ्याकडे जेवढ्या गाड्या आल्या, त्यातल्या निम्म्याहून जास्त गाड्यांचा कार्बोरेटर गेलेलाच नव्हता.

दोन वर्षं उभी राहिलेली गाडी, म्हणजे सुरुवात टाकीपासून करायची. टाकीच्या तळाला गंज आणि चिकट डिंकासारखा थर बसतो. तो पाइपातून पंपात आणि पंपातून कार्बोरेटरमधल्या फ्लोटच्या (पेट्रोलची पातळी राखणाऱ्या तरंगत्या डब्याच्या) वाटीत उतरतो. वाटी उघडल्यावर तळाशी तांबूस माती दिसली तर टाकी उतरवून धुतल्याशिवाय कुठलाही कार्बोरेटर बसवू नका, नवासुद्धा आठवड्यात चोकअप होईल. घाटात गुदमरणं हे पेट्रोल कमी पडण्याचंही लक्षण आहे. म्हणून पंपाकडून कार्बोरेटरला जाणारा पाइप बाटलीत सोडून सेल्फ मारा आणि धार कशी येते ते बघा. मग ठिणगीची बाजू, म्हणजे पॉइंट, कंडेन्सर आणि टायमिंग. कंडेन्सर गरम झाल्यावर दगा देतो आणि गाडी अगदी कार्बोरेटरसारखीच मिसिंग करते. किरकोळ किमतीच्या वस्तूसाठी लोकांनी हजारोंचे कार्बोरेटर बदललेले मी पाहिलेत.

हे सगळं ठीक असेल तर इंजिन चालू ठेवून कार्बोरेटरच्या तळाजवळ वाका. ॲक्सिलरेटरची दांडी ज्या स्पिंडलला जोडलेली असते, ते स्पिंडल बोटाने वर-खाली हलवा. फिरवायचं नाही, फक्त वर-खाली. टकटक लागलं तर दुखणं तिथेच आहे. खात्री करायची असेल तर स्प्रेच्या नळीने थोडं कार्बोरेटर क्लीनर स्पिंडल जिथे बॉडीत शिरतं त्या टोकाशी सोडा. आयडलिंग क्षणभर बदललं, वाढलं किंवा दबलं, तर तिथून हवा आत जातेय. इंजिन तापलेलं नसताना करा, आणि मॅनिफोल्डखाली (कार्बोरेटरमधून इंजिनात जाणाऱ्या नळीखाली) सायलेन्सरचा पाइप असतो तिकडे फवारा जाऊ देऊ नका.

ही ढिलाई किती नुकसान करते ते मला माझ्या गाडीवरून कळलं. स्पिंडल ८ मिमीचं, आणि मायक्रोमीटरने मोजल्यावर भोकात ०.३ मिमीची झीज निघाली. ऐकायला काहीच नाही. पण हिशोब मांडला तर दोन्ही टोकांची मिळून फट ३ मिमी व्यासाच्या भोकाएवढी होते. आयडलिंगला थ्रॉटलची पाकळी (स्पिंडलवरची, हवेची वाट उघडमीट करणारी चकती) जेमतेम केसाएवढी उघडी असते, त्या वेळी शेजारी ३ मिमीचं भोक उघडं. मग मिस्त्री आयडल स्क्रू पिळतो, एअर स्क्रू फिरवतो, एक दिवस बरं वाटतं आणि दुसऱ्या दिवशी पुन्हा तेच. कारण स्पिंडल दर वेळी वेगळ्या जागी टेकतं, त्यामुळे आत जाणारी हवाही दर वेळी वेगळी असते.

इथे आपण नाशिककर नशीबवान आहोत. सातपूर आणि अंबडच्या एमआयडीसीत मिलिमीटरच्या शंभराव्या भागावर काम करणारे टर्नर-फिटर गल्लोगल्ली आहेत. डिझेल पंप आणि नोझलची कामं इथे कित्येक वर्षं चाललीत. अशा माणसाला कार्बोरेटरचं बुशिंग, म्हणजे झिजलेल्या भोकात धातूची नवी नळी बसवणं, अवघड नाही, फक्त काय हवंय ते नीट सांगावं लागतं. बॉडी झिंक अलॉयची डायकास्ट आहे, ठिसूळ आहे, व्हाइसमध्ये जोरात आवळली तर चिरते. बुश फॉस्फर ब्राँझचे करायचे आणि हलक्या हाताने दाबून बसवायचे, सोबत थोडं लॉकिंगचं द्रावण. सगळ्यात महत्त्वाचं म्हणजे बुश बसल्यावर लांब रीमर एका बाजूने घालून दुसऱ्या बाजूने काढायचा, एकाच पासमध्ये. दोन बाजूंनी वेगवेगळं रीमिंग केलं की भोकं एका रेषेत राहत नाहीत आणि स्पिंडल अडकतं. ॲक्सिलरेटर सोडल्यावर पाकळी परत न येणं हा जिवाशी खेळ आहे.

पाकळीचे दोन बारीक स्क्रू हा दुसरा धोका. कंपनीतून आलेल्या स्क्रूची टोकं मागून ठोकून पसरवलेली असतात, म्हणजे ते सुटून इंजिनात पडू नयेत. ती टोकं कानशीने घासल्याशिवाय पेचकस लावला की स्क्रू तुटतो किंवा स्पिंडलमधला आटा जातो. पाकळी काढण्याआधी वरची बाजू कुठली यावर खूण करा, तिच्या कडा तिरक्या कापलेल्या असतात आणि उलटी बसवली तर ती पूर्ण मिटत नाही. परत बसवताना नवे स्क्रू, थ्रेडलॉक, आणि टोकं पुन्हा पसरवायची. एक स्क्रू इनलेट व्हॉल्व्हमधून खाली गेला तर पिस्टनपर्यंतचा खर्च आहे.

बाकी तपासणी पटकन होते. पितळी फ्लोट कानाशी धरून हलवा, आत पेट्रोल खळखळलं तर भोक आहे, गरम पाण्यात बुडवलं की बुडबुडे जागा दाखवतात. वाटीत येणारं पेट्रोल अडवणारी नीडल बंद करून पाइपातून फुंका, हवा जाता कामा नये. ॲक्सिलरेटर पंपासाठी वरून घशात बघत थ्रॉटल उघडा, लगेच सरळ धार पडली पाहिजे. तळाचा फ्लँज (नट लावायची सपाट कड) सपाट काचेवर ठेवून डुलतो का बघा. वर्षानुवर्षं नट जास्त आवळून तो वाकतो, काचेवर पॉलिश पेपर चिकटवून हळूहळू घासला की सरळ होतो.

आता नवा घ्यायचाच झाला तर. बॉडी चिरली असेल, जेटचे (पेट्रोल मोजून सोडणाऱ्या बारीक भोकाच्या स्क्रूचे) आटे गेले असतील, किंवा झिंकला पांढरी भुकटी धरून आतल्या वाटा खाल्ल्या असतील तर जुन्यावर खर्च करण्यात अर्थ नाही. मग माझी पहिली पसंती त्याच मॉडेलच्या सोलेक्सला. जुन्या बॉडीवर कोरलेलं मॉडेल, व्हेंच्युरीवरचा (घशातल्या अरुंद भागावरचा) आकडा आणि प्रत्येक जेटवरचा आकडा वहीत लिहून ठेवा. ‘पद्मिनीचाच आहे’ या विक्रेत्याच्या शब्दापेक्षा ते आकडे खरे. मी एकदा ‘नवा’ म्हणून घेतलेला सोलेक्स घरी उघडला तर जुनी बॉडी वाळूने घासून रंगवलेली निघाली. जेटच्या खाचा पेचकसाने चिरडलेल्या होत्या आणि स्पिंडल माझ्या जुन्यापेक्षा जास्त ढिलं होतं. विक्रेत्याने परत घ्यायला नकार दिला. तेव्हापासून पैसे देण्याआधी मी तीन गोष्टी बघतो: स्पिंडल हलतं का, जेटच्या खाचा कोऱ्या आहेत का, फ्लँज सपाट आहे का. ऑनलाइन घेणार असाल तर स्पिंडल हलवून दाखवणारा व्हिडिओ मागा. द्यायला टाळाटाळ केली तर तो कार्बोरेटर सोडून द्या.

जीपच्या सोलेक्सचा मोह टाळा. आपल्याकडे तो स्वस्तात मिळतो हे खरं, आणि बाहेरून भावंडं वाटावीत इतकी बॉडी सारखी असते. पण जीपचं पेट्रोल इंजिन २.२ लिटरचं, पद्मिनीचं १०८९ सीसी. त्यातली व्हेंच्युरी आणि जेट दुप्पट इंजिनासाठी निवडलेले असतात. मोठ्या घशातून छोट्या इंजिनाची हवा हळू जाते, आणि हवा हळू गेली की जेटमधून पेट्रोल नीट ओढलं जात नाही. खालच्या आरपीएमला, म्हणजे नेमकं घाटात, पिकअप मरतो. मोठा कार्बोरेटर म्हणजे जास्त ताकद, हा समज या इंजिनाला लागू होत नाही. व्हेंच्युरी आणि सगळे जेट पद्मिनीच्या मापाचे मिळाले तरच त्या बॉडीचा विचार करा.

मारुती ८००च्या कार्बोरेटरबद्दल तुमच्या मिस्त्रींना मी चूक म्हणणार नाही. कितीतरी पद्मिनी तसल्या जोडणीवर चालल्या आहेत. ७९६ सीसीचं ते छोटं इंजिन जास्त फिरतं आणि ताकद जवळपास पद्मिनीएवढीच काढतं, म्हणजे दोघांना लागणारी हवा सारख्याच मापाची आहे. त्याला दोन घसे असतात, एक छोटा रोजचा आणि दुसरा जोर लागला की उघडणारा. त्यामुळे ॲव्हरेज सुधारू शकतं. पण खाली ॲल्युमिनियमची ॲडॅप्टर प्लेट लागते, आणि ती हाताने कापलेली असली की पुन्हा हवेची गळती. ॲक्सिलरेटरची दांडी काढून केबलची जोडणी करावी लागते. पेट्रोल परत टाकीत नेणारी नळी पद्मिनीला नाही, म्हणून मारुतीच्या कार्बोरेटरवरचं त्या नळीचं तोंड नीट बंद करायला हवं. आयडलच्या सोलेनॉइडला (विजेवर उघडणाऱ्या झडपेला) इग्निशनवरून १२ व्होल्ट दिले नाहीत तर गाडी आयडलला थांबणारच नाही. वर एअर फिल्टरची उंची बदलते, बॉनेट बंद होतं का ते आधी मोजा. रोज कामाला वापरायची गाडी असती तर मी हो म्हटलं असतं. वडिलांची गाडी जशी होती तशी ठेवायचीय असं तुम्हीच लिहिलंय, म्हणून माझं उत्तर नाही. केलंच, तर जुना सोलेक्स फडक्यात गुंडाळून जपून ठेवा, भंगारात देऊ नका.

कुठलाही कार्बोरेटर असो, जेटचा प्रश्न आता सगळ्यांनाच आहे, कारण पंपावरचं पेट्रोल २० टक्के इथेनॉलचं झालंय. निव्वळ पेट्रोल नीट जळायला एका किलोला १४.७ किलो हवा लागते, इथेनॉलला फक्त ९. मिश्रणाचा हिशोब साडेतेराच्या आसपास येतो. म्हणजे १९८४मध्ये बसवलेले जेट आता आठ-नऊ टक्के लीन पडतात, म्हणजे पेट्रोल कमी देतात. उलट नाशिक समुद्रसपाटीपासून साधारण ६०० मीटरवर आहे, इथे हवा विरळ, त्यामुळे तीच गाडी इथे तीन-चार टक्के रिच, म्हणजे जास्त पेट्रोलवर, चालते. दोन्ही एकमेकांना थोडं सांभाळून घेतात, म्हणून नाशकात गाडी ठीक वाटते आणि कसारा उतरून शहापूरकडे गेलं की कोरडी, गरम चालायला लागते.

सोलेक्सच्या जेटवरचा आकडा म्हणजे भोकाचा व्यास, मिलिमीटरच्या शंभराव्या भागात. १२५ म्हणजे १.२५ मिमी. १२५चा १३० केला तर भोकाचं क्षेत्रफळ आठ टक्क्यांनी वाढतं. म्हणजे एकच पायरी वर गेलं की इथेनॉलचा हिशोब बराचसा भागतो. तुमच्या जेटवर जो आकडा निघेल त्याच्या एक पायरी वरचा घेऊन ठेवा, पण जुन्या जेटला तार घालून मोठं करू नका. भोक वेडंवाकडं होतं आणि मग मूळ माप कायमचं जातं.

इथेनॉलचा दुसरा मार रबरावर. जुने पाइप, पंपाचा डायफ्राम, ॲक्सिलरेटर पंपाचा डायफ्राम हे फुगतात, मऊ पडतात. किट घेताना विटॉनचं रबर आहे का ते विचारा. गाडी महिनाभर उभी राहणार असेल तर टाकीकडून पंपात येणारा पाइप काढून वाटीतलं पेट्रोल संपेपर्यंत इंजिन चालू द्या, नाहीतर इथेनॉलने हवेतून ओढलेलं पाणी झिंकच्या तळाला बसतं.

बसवताना कार्बोरेटर आणि मॅनिफोल्डच्या मधला जाड फायबरचा ठोकळा विसरू नका. तो उष्णता अडवतो. पूर्वीच्या एखाद्या मिस्त्रीने तो काढून नुसतं कागदी पॅकिंग लावलेलं मला दोन गाड्यांत सापडलं, आणि दोन्ही गाड्या उन्हाळ्यात इगतपुरीजवळ इंजिनाच्या तापलेल्या पेट्रोल पंपावर ओलं फडकं टाकून उभ्या राहायच्या. नट दोन्ही बाजूंनी थोडे थोडे आवळा, पाव-पाव फेरीने.

मग एका सकाळी कसाऱ्याला उतरा, चहा घ्या आणि घाट चढायला लागा. वर निम्म्यावर आल्यावर, मागेपुढे बघून सुरक्षित जागा असेल तिथे, गिअर न्यूट्रल करून लगेच इंजिन बंद करा आणि प्लग काढा. इंजिन तापलेलं असेल, हातमोजा लागेल. फिका तपकिरी रंग असेल तर जेट बरोबर. पांढरेफटक असतील तर लीन, मोठा जेट घाला. काजळी असेल तर आधी फ्लोटची उंची बघा, मग जेट. चारातले दोनच वेगळे दिसले तर कार्बोरेटरला हात लावू नका, मॅनिफोल्डचं पॅकिंग तपासा. चारही प्लगांचा एकत्र फोटो आणि बॉडीवरचे, जेटवरचे आकडे इथे टाका. ते बघून पुढचा जेट कुठला घालायचा ते सांगतो.